फॉक्सप्रोच्या जुन्या प्रोग्रामची एएमसी: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. सुताची आवक, लूमवारी उत्पादन, पार्ट्यांची उधारी, सगळं अजून व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या प्रोग्रामवर. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच बंद केला. मालकांचं एकच, "चालतंय की!"

आधीच्या एएमसीत (वर्षभराच्या देखभालीच्या करारात) बॅकअप म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर फोल्डर कॉपी. हार्डडिस्क बसली तर दोन्ही बसणार. त्यात कॉपी चालू असताना गोडाऊनमध्ये चलनं बनतच होती.

सध्याचा माणूस नवी पेठेतला. आधी सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढतो, मग कॉपी घेतो. नोंदींच्या डीबीएफ फाइलसोबत एफपीटी आली का ते बघतो, कारण शेरे ज्यात असतात ती मेमो फाइल मागे राहिली तर टेबल उघडतच नाही. एक कॉपी मालकांच्या घरी जाते.

पण पैसे वसूल होतात ते रिस्टोअरमध्ये. ऑफिसातल्या अडगळीच्या पीसीवर तो बॅकअप चढवतो आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) मलाच काढायला लावतो. छापून ठेवलेल्या ट्रायलशी पैसान् पैसा जुळला तरच मी रजिस्टरवर सही करायची. पहिल्यांदा वैताग आला होता. आता त्याशिवाय मीच त्याला सोडत नाही.

लाइट गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडतो. पार्टीचं खातं असतं, पण नाव टाकलं की सापडत नाही. रीइंडेक्स तो फोनवरूनही करून देतो. पॅकला मात्र स्वतः येतो. डिलीट केलेल्या नोंदींवर नुसती खूण असते, पॅक केल्याशिवाय फाइल हलकी होत नाही, आणि एका टेबलची मर्यादा २ जीबी. पॅकनंतर पुसलेलं परत येत नाही, म्हणून त्याआधी बॅकअप ठरलेलाच. जुनी वर्षं वेगळ्या फोल्डरला काढली आहेत. जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात, तेव्हा तीही तो मधूनमधून उघडून बघतो.

तक्रारी आहेत. गड्ड्याच्या जत्रेत हा फोन उचलत नाही. वर्षाचे पैसे आगाऊ मागतो. यूपीएसची बॅटरी बदला म्हणून डोकं खातो, वर विकत मात्र नाही, आपणच शोधायची.

टॅलीवाल्यांनी त्याच्याकडे जाऊ नये, तो फक्त फॉक्सप्रो बघतो.