परभणीतलं मासोळ्यांच्या बोगद्याचं प्रदर्शन: मासे भारी, पण तो डीजे बंद करा राव (2 स्टार)

रविवारी लेकरांना घेऊन गेलतो. तिकीट 100, गाडी लावायचे 20 वेगळे. काचेच्या बोगद्यात डोक्यावरून मासे फिरायलेत, आमच्यासारख्या टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्याला एवढं पाणी बघूनच गार वाटतं, खोटं कशाला बोलू. टाक्या स्वच्छ, पाट्या मराठीत, इथवर सगळं झकास.

पण खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवरच हा भला मोठा स्पीकर! अन शेजारी पाटी काय, तर "काचेवर टकटक करू नये". पोरगी काचेला हात लावून म्हणाली, पप्पा काच थरथरायली. बघतो तर बेसच्या दर ठोक्याला पाण्यावर गोल गोल लाटा उठायल्यात, अन पांढऱ्या पट्ट्यांची ती नारंगी क्लाउनफिशची जोडी पार मागं पाइपाच्या आडोशाला चिटकून बसलेली, हलायलाच तयार नाही.

मॅनेजरला म्हणलं बेस तरी कमी करा, तर म्हणतो, काका, माशाला कान कुठं असतात?

असतात की! बाहेर दिसत नाहीत, डोक्याच्या आत असतात, त्यात बारका खडा असतो तो आवाजानं हलतो. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी रेघ असते, तिला पाण्याची हालचाल कळते. रोहू, कटला, गोल्डफिश ह्यांची तर पोटातली हवेची पिशवी बारक्या हाडांनी कानाला जोडलेली, म्हणून ते जास्तच तिखट कानाचे. आमचे मामा जायकवाडीत होडीतून पाण्यावर बांबू आपटून मासे जाळ्याकडं हाकायचे, ते काय उगंच? अन ती क्लाउनफिश स्वतः जबडा आपटून टक टक करते, दुसऱ्या माशाला दम द्यायला. ह्या ढणढणाटात तिचं कोण ऐकणार?

हवेतला आवाज पाण्यात फार शिरत नाही, बराचसा वरच्यावर परततो, पण स्पीकर स्टँडलाच टेकवला की हादरा लोखंडातून काचेत अन काचेतून थेट पाण्यात. तिथं तो सेकंदाला 1500 मीटरनं पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. 2001 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात जहाजं कमी झाली, आवाज उतरला, तर तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाचं हार्मोन कमी सापडलं. एवढ्या धिप्पाड जनावराची ही गत, अन ह्या बोटभर माशाला तर टाकीतून पळायलाही जागा नाही.

एक स्टार माशांना. दुसरा खाणं टाकणाऱ्या पोराला, त्यानं आमचं बोलणं ऐकून गुपचूप स्पीकरखाली पोत्याची चौपदरी घडी सरकवली, लाटा जरा कमी झाल्या. जायचं तर मधल्या वारी, पाचला दार उघडल्या उघडल्या जा, डीजे सातला सुरू होतो. भजे बाहेरच्या गाड्यावर खा, आतले गारढोण अन 60 रुपये प्लेट.