राणीचा १९०० सालचा चॉकलेटचा डबा, रिकामा मिळाला तरी घ्या

दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर (ब्रिटिश विरुद्ध तिथले डच वंशाचे बोअर) गेलेल्या ब्रिटिश शिपायांना व्हिक्टोरिया राणीने १९०० च्या नवीन वर्षाची भेट म्हणून चॉकलेटचे डबे पाठवले होते, त्यातला एक घेतलाय, इंग्लंडमधल्याच एका विक्रेत्याकडून ऑनलाइन, ४५ पौंडाला, रिकामा. डबा पत्र्याचा, चपटा, कोपरे गोलसर. झाकणावर लाल, निळा, सोनेरी रंग, राणीचा उठावदार चेहरा, "साउथ आफ्रिका १९००", आणि खाली तिच्या हस्ताक्षरात नववर्षाच्या शुभेच्छा आणि सही. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी लाल रंग असा टिकलाय की बघतच राहावं.

मला यामागची गोष्ट जास्त आवडते. ऑर्डर गेली कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या तीन चॉकलेट कंपन्यांकडे, आणि तिन्ही मालक क्वेकर पंथाचे म्हणजे युद्धाच्या विरोधातले, त्यामुळे त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला आणि डब्यावर स्वतःचं नावही नको म्हणाले. एक लाखाहून जास्त डबे, प्रत्येकात अर्धा पौंड वजनाचं चॉकलेट! कितीतरी शिपायांनी ते खाल्लंच नाही, जपून ठेवलं नाहीतर घरी पाठवलं. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरफकच्या ऑक्सबर्ग हॉल या जुन्या वाड्याच्या माळ्यावर असा एक डबा सापडला, आत चॉकलेट तसंच.

आणि हे आपल्याकडच्यांनी वाचाच, याच युद्धातल्या स्पिऑन कॉपच्या लढाईत जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय अ‍ॅम्ब्युलन्स कोअरच्या, पगार न घेता राबलेल्या म्होरक्यांनाही हे चॉकलेट मिळावं म्हणून गांधीजींनी नाताळ (दक्षिण आफ्रिकेतली तेव्हाची ब्रिटिश वसाहत) सरकारला पत्र लिहिलं होतं, पण उत्तर आलं की ही भेट फक्त सैन्यातल्या शिपायांसाठी आणि त्यांच्या नॉन-कमिशन्ड (म्हणजे हवालदारासारख्या खालच्या हुद्द्याच्या) अधिकाऱ्यांसाठी. गोळीबारात स्ट्रेचर उचलायला चालतात, चॉकलेटला चालत नाहीत. हे कळल्यापासून डब्याकडे नुसतं शोभेची वस्तू म्हणून बघवत नाही, आणि म्हणूनच मला तो घरात हवा होता.

आता तक्रार. विक्रेत्याने फोटो फक्त झाकणाचे टाकले होते, तळाला चांगलाच गंज निघाला आणि एका बाजूला पोचा, त्याचा उल्लेख कुठेच नाही. विचारल्यावर उत्तर लगेच दिलं, थोडे पैसेही परत केले, पॅकिंग मात्र एक नंबर होतं. तरी लपवायला नको होतं, कारण या डब्यांची सगळी किंमत रंगावर आणि पत्र्यावर असते.

घेणार असाल तर तळाचा आणि आतला फोटो आधी मागा. वरून नवीन वार्निश मारून चकचकीत केलेला अजिबात घेऊ नका, थोडा झिजलेला पण मूळ रंगाचा कधीही चांगला. आणि घरी आणल्यावर पितळेचं पॉलिश लावू नका, छापलेला रंग निघून येतो, कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बास.

डब्याला पाचपैकी पाच, विक्रेत्याला तीन.