बेसिक पॅकात खेळाचं चॅनल: ठेवायचं की काढायचं?

अमळनेरला मावशीकडे गेलो होतो तेव्हा केबलवाला पोरगा वसुलीला आला. सहज पॅकातली यादी बघितली तर खेळाची तीन चॅनलं. घरात माणसं दोनच. मावशी मालिका बघते आणि काका बातम्या लावून झोपतात. यादी वाचून दाखवल्यावर मावशी म्हणाली, "आम्हना घर किरकेट कोन देखस रे?"

आमच्या भुसावळच्या घरात नेमकं उलट. भारताची मॅच असली की शेवभाजीची ताटं टीव्हीपुढे. पण दोन्ही घरांत पॅक मात्र जवळपास एकच.

आधी पैशांचं बघू. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या (दूरसंचार आणि टीव्ही सेवांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाने प्रत्येक पे चॅनलची, म्हणजे पैसे भरून बघायच्या चॅनलची, सुटी किंमत जाहीर करावी लागते आणि हवं तेवढंच चॅनल मागता येतं. पॅकात घालायच्या चॅनलची सुटी किंमत 19 रुपयांच्या वर चालत नाही. खेळाचं एक चॅनल 19 चं धरलं तर 18 टक्के जीएसटीसकट 22 रुपये 42 पैसे. वर्षाचे 269 रुपये. फक्त आयपीएलपुरतं, म्हणजे तीन रिचार्ज धरले, तर 67.

मग सगळे सुटंच का घेत नाहीत? कारण चॅनल कंपनीला आपल्या पॅकात सुट्या किमतींच्या बेरजेवर 45 टक्क्यांपर्यंत सूट देता येते. मालिकांचं मराठी चॅनल आणि खेळाचं चॅनल एकाच समूहाचं असलं की दोन्ही एका पॅकात येतात, आणि तो पॅक सुट्यापेक्षा स्वस्त दिसतो. आमच्यासारख्या घराला तो खरंच परवडतो. मावशीसारखीला नाही, तिच्या मालिकेच्या आडून तिच्याकडून क्रिकेटचे पैसे जातात. ते पैसेही थोडेथोडके नाहीत: 2023 ते 2027 च्या आयपीएलचे भारतीय उपखंडातले नुसते टीव्ही हक्क 23,575 कोटींना गेले. एवढी रक्कम जाहिराती आणि वर्गणीतूनच काढायची, म्हणून चॅनल जास्तीत जास्त घरांत पोचवायची धडपड.

तिसरा रस्ता फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या छत्रीवरच्या फुकट सेवेचा. रावेरकडे केळीच्या मळ्यातल्या घरांवर ही छत्री दिसते. डबा आणि छत्री एकदाच विकत घ्यायची, महिन्याचं काही नाही. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, त्यात भारताच्या पुरुष संघाचे वनडे आणि टी-20 येतात. आयपीएल येत नाही. एक गोम मात्र लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालानुसार हे फुकटचं प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतं. केबलच्या डब्यावर डीडी स्पोर्ट्स लावलं तर तिथे ती मॅच नसते, आणि लोक बिचाऱ्या केबलवाल्याशी भांडत बसतात.

माझं मत सरळ आहे: बेसिक पॅकात खेळ नको. ज्याला हवा त्याने सुटा घ्यावा. विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. फक्त क्रिकेटवाल्यांच्याच पैशांवर चॅनल चाललं, तर कबड्डी, खो-खोला जी काही वेळ मिळते तीही जाईल. शिवाय सुटं चॅनल घेणं सोपं, काढणं अवघड. आमच्याकडच्या एका केबलवाल्याला काढायला सांगितलं की "पुढच्या महिन्यात बघू" हे ठरलेलं उत्तर. डीटीएच असेल तर ॲपवरून स्वतः काढता येतं, तिथे हा त्रास कमी.

तेव्हा बघा: वर्षभर मॅच बघणारं घर असेल तर पॅक ठेवा. दोन-तीन महिन्यांचीच हौस असेल तर सुटं घ्या, आणि काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. फक्त भारताच्या वनडे, टी-20 बघायच्या असतील तर फ्री डिश, पण आधी घरातली मालिका तिथे येते का ते विचारा.

मावशीची तिन्ही चॅनलं काढायला सांगून आलो. पोरगा वहीत लिहून घेत होता, तेवढ्यात काका डोळे न उघडताच म्हणाले, "वर्ल्डकपच्या महिन्यात एक लाव मात्र."