शेअरिंगच्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये माझे २,९३,८८० रुपये गेले. तुमचे वाचवा

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण मागच्या आठवड्यात पारोळ्याकडच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. "जिभाऊ, स्कूटर भाड्याने लावायची एक स्कीम आलीय, नाशिकला चालते म्हणे. दोन घेऊ का?" त्याने पाठवलेलं पत्रक उघडलं आणि हात थरथरायला लागले. नाव नवीन, रंग नवीन, बाकी ओळ न ओळ तीच. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. मे २०२३ ला हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. गिअरबॉक्सचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर प्रत्येकाने मला एकच विचारलं, "तुम्हाला गाड्यांमधलं कळतं ना?" कळतं. आणि तरी फसलो.

स्कीम आणणारा पोरगा परका नव्हता. त्याचे वडील आमच्याच आगारात कंडक्टर होते, तो आमच्या अंगणात खेळलेला. पुण्याला तीन-चार वर्षं नोकरी करून आला होता. पुणे-बंगळुरात मुलं मोबाइलवर क्यूआर स्कॅन करून स्कूटर उचलतात, मेट्रोपासून ऑफिसपर्यंत नेतात, मिनिटाच्या हिशेबाने पैसे देतात, डिलिव्हरीची पोरं आठवड्याच्या भाड्याने घेतात, हे सगळं त्याने सांगितलं. यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि फसलो तो त्यामुळेच. खऱ्या धंद्याच्या आडोशाने आलेला चोर लवकर ओळखू येत नाही.

स्कीम अशी होती. एक स्कूटर ८५,००० ची. मालक आपण, चालवणार कंपनी. दर महिन्याच्या १० तारखेला एका स्कूटरमागे ६,५०० रुपये खात्यात, असं ३६ महिने. नंतर गाडी आपली. कागदावर मला 'फ्लीट पार्टनर' म्हटलं होतं. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार, नोटरीचा शिक्का, गोल होलोग्राम. त्या होलोग्रामला काडीची किंमत नसते. झेरॉक्सच्या दुकानात शेकड्याने मिळतात.

आता तो दिवस सांगतो. रविवार, १० मार्च २०२४. हायवेवरच्या एका हॉटेलचा हॉल, पन्नासेक माणसं, समोर पडदा. बाहेर छोट्या हत्ती टेम्पोतून एक स्कूटर उतरवली होती. ही पुण्यात आठ महिने चालून आलीय, असं माइकवर सांगितलं. सगळे चहा घेत होते, मी सवयीने गाडीजवळ जाऊन खाली वाकलो. मागच्या टायरवर नव्या रबराचे ते बारीक केस तसेच होते. ज्याने टायर हाताळलेत त्याला माहीत आहे, गाडी थोडी रस्त्याला लागली की ते केस झडतात. आठ महिने दहा जणांच्या हातातून फिरलेल्या गाडीला एक ओरखडा नाही, ब्रेकच्या लिव्हरला घाम-मळ नाही, हँडलवरचा क्यूआरचा कागद मात्र एका कोपऱ्याला सुटून वळलेला, जणू सकाळीच चिकटवला असावा.

मग पाटी पाहिली. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं.

भाड्याने चालणाऱ्या इलेक्ट्रिक वाहनाच्या हिरव्या पाटीवर अक्षरं पिवळी असतात. पांढरी अक्षरं खाजगी गाडीची. हा नियम २०१८ पासूनचा आहे. मी नाशिकच्या स्टँडवर एसटीची इलेक्ट्रिक बस, ई-शिवाई, जवळून पाहिली होती, तिच्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत नंबर होता. मी विचारलंसुद्धा, "पाटी पांढऱ्या अक्षरांची कशी?" पोरगा म्हणाला, "जिभाऊ, कमर्शियल पासिंग चालू आहे, बदलून येणारच." मी मान डोलावली. ती मान डोलावणं मला रात्री झोपू देत नाही.

त्याहून मोठी गोष्ट तर समोर उभी होती. पडद्यावर लिहिलं होतं: लायसन्स लागत नाही, म्हणून कॉलेजच्या मुलांची गर्दी. लायसन्स आणि नोंदणी फक्त त्या गाडीला लागत नाही जिची मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. अशा गाडीला नंबरच नसतो. म्हणजे नंबरप्लेट आहे तर लायसन्स लागणार, आणि लायसन्स लागत नसेल तर नंबरप्लेट कशाची? दोन्ही गोष्टी एकाच गाडीबद्दल खऱ्या असूच शकत नाहीत. हे मला कळायला एक मिनिट पुरलं असतं. पण ते मिनिट मी दिलं नाही. आजूबाजूला माझेच माजी सहकारी बसले होते, दोघांनी चेक काढले होते, आणि भरल्या हॉलमध्ये आपल्याच माणसाच्या पोराला उघडं पाडायचं माझ्या जिवावर आलं.

कोणी म्हणेल लोभ. म्हणा. पण ३१ वर्षं नोकरी करून ईपीएस-९५ ची माझी पेन्शन किती ते ऐका: महिन्याला ३,११८ रुपये. त्यात माझी शुगरची आणि घरच्यांची बीपीची औषधं येत नाहीत. २०२१-२२ च्या संपात महिनोन्महिने पगार नव्हता, तेव्हा घरातलं सोनं गहाण पडलं. निवृत्तीचे जे पैसे आले त्यातून कर्ज फेडून, मुलीचं लग्न करून ३,४०,००० उरले होते. बँकेत ठेवले तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास व्याज. आमच्याकडे पतसंस्थांत ठेवी बुडालेली माणसं गल्लोगल्ली आहेत, म्हणून पतसंस्थेच्या दारात मी गेलो नाही. मला वाटलं इथे निदान डोळ्यांना दिसणारी गाडी आहे.

घाईचं कारणही खरंच होतं. केंद्राची फेम-२ सबसिडी ३१ मार्च २०२४ ला संपत होती. "महिनाअखेर गाडी महाग होणार," असं रोज सांगायचे. ठग तारीख खरीच सांगतो, म्हणून पेपरात बघूनही काही हाती लागत नाही. १५ मार्चला चार स्कूटरचे ३,४०,००० आरटीजीएस केले. वर विमा आणि जीपीएसचे गाडीमागे ४,७२०, म्हणजे १८,८८० वेगळे. घरच्या म्हणत होत्या दोनच घ्या. मी ऐकलं नाही.

१० एप्रिलला २६,००० जमा झाले. १० मेला पुन्हा २६,०००. तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा होता. घरच्या माहेरी, मीही तिथेच. मोबाइलवर मेसेज वाजला आणि तो मी शालकाला दाखवला. स्वतःहून दाखवला, कोणी मागितला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याने कापसाच्या पैशातून दोन स्कूटर घेतल्या, १,७०,००० आणि विम्याचे ९,४४०. पहिले दोन हप्ते वेळेवर येतात ते तुमच्यासाठी नसतात, ते तुमच्या शालकासाठी असतात. हप्ता आला की कोणालाही दाखवू नका, एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

जूनमध्ये १३,००० आले. दोन गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत, पुढच्या महिन्यात भरपाई होईल, असं सांगितलं. जुलैत काहीच नाही. शालकाला तर एक रुपयाही कधी मिळाला नाही. पोरग्याचा फोन आधी व्यस्त, मग बंद.

जुलैच्या शेवटी मी पुण्याला गेलो. करारावरचा बाणेरचा पत्ता म्हणजे तासाच्या भाड्याने टेबल देणारं ऑफिस निघालं. तिथल्या मुलीने रजिस्टर बघून सांगितलं की ते मे महिन्यातच सोडून गेले. 'चार्जिंग हब' म्हणून दिलेल्या पत्त्यावर एका इमारतीचं तळघर होतं. वॉचमन म्हणाला, "काका, इथे अशा गाड्या कधीच नव्हत्या. तुमच्यासारखेच लोक विचारायला येतात." त्या पायरीवर मी बराच वेळ बसून होतो.

घरी येऊन भाच्याने परिवहन खात्याच्या ॲपवर माझ्या चार गाड्यांचे नंबर टाकले. दोन नंबर अस्तित्वातच नाहीत. एक नंबर दुसऱ्याच कोणाच्या खाजगी स्कूटरचा. चौथा नंबर त्या हॉटेलात दाखवलेल्या गाडीचा, आणि तोच नंबर पुढे माझ्यासह सात जणांना कंपनीने दिलेल्या गाडीच्या प्रमाणपत्रांवर निघाला. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही. पैसे देण्याआधी तपासा. आरसी तुमच्या नावावर नसेल तर गाडी तुमची नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. भाड्याने मोटारसायकल-स्कूटर द्यायच्या धंद्याला परिवहन खात्याचा परवाना लागतो, १९९७ ची केंद्राची योजनाच आहे तशी. तो परवाना मागा. पावतीवरचा जीएसटी नंबरही ऑनलाइन टाकून बघा. माझ्या पावतीवरचा रद्द झालेला होता.

आता तक्रारीचं ऐका, कारण खरा छळ तिथून सुरू होतो.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी तीन तास बाकावर. मग साहेब करार चाळून म्हणाले, "हा दिवाणी वाद आहे, वकील करा." मी म्हटलं, साहेब, नसलेल्या गाड्यांचे नंबर घालून पैसे घेतलेत, यात दिवाणी काय? तर म्हणे कंपनी पुण्याची, पुण्यात जा. गेलो. जाता-येता दोन दिवस, लॉजचे ९०० रुपये. पुण्यात सांगितलं, पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तिकडेच गुन्हा नोंदवा. परत आलो. इथे उत्तर मिळालं, १ जुलैपासून कायदे बदललेत, जरा थांबा. व्यवहार मार्चचा, म्हणजे कलम जुन्या कायद्याचं, हे मला एका निवृत्त हवालदाराने सांगितलं, ठाण्यातल्या कोणी नाही. आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असली तरी फिर्याद घ्यावीच लागते, हेही त्यानेच सांगितलं. मी ते कलम कागदावर लिहून नेलं. समोरच्या अंमलदाराने कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही आम्हाला कायदा शिकवू नका." वयाच्या साठीत, हातात टोपी घेऊन, मी त्या टेबलासमोर उभा होतो. मी चोर नव्हतो. माझ्याकडे चोरासारखं बघायचा अधिकार यांना कोणी दिला?

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. तिथे तक्रार घेतली, नंबर दिला, पण पैसे जाऊन साडेचार महिने झाले होते. खात्यात गोठवायला काही उरलेलंच नव्हतं. तो नंबर पहिल्या काही तासांत कामाचा, नंतर नाही. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणे तुम्ही स्वतः सही करून आरटीजीएस केलंत. खरं आहे. पण त्याच खात्यात आमच्या भागातून एकाच महिन्यात इतके लोक पैसे पाठवत होते, कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही? आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम लहान आहे, सगळे एकत्र या. माझं आयुष्यभराचं उरलंसुरलं यांना लहान वाटतं.

मग एकत्र आलो. गावोगाव फिरून मीच माणसं गोळा केली. निम्मी तर तोंड उघडायला तयार नव्हती, घरात सांगितलेलंच नव्हतं. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बाईक बोट नावाने हेच झालं होतं. एका मोटारसायकलमागे ६२,१०० घेऊन वर्षभर दरमहा ९,७६५ द्यायचं आमिष होतं. २०१९ मध्ये ते उघड झालं, पेपरात आलं, सीबीआयपर्यंत गेलं. ते मी आधी वाचलं असतं तर! आणि आमच्या ठाण्यातल्या साहेबांनी तरी वाचलं होतं का?

शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये गुन्हा नोंदला. ३१ तक्रारदार, ७४ स्कूटर, ६२,९०,००० रुपये. ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाच्या १९९९ च्या राज्याच्या कायद्याचं कलम लावा, यासाठी आणखी दोन महिने खेटे घातले, कारण त्या कायद्याखाली आरोपींची मालमत्ता जप्त करता येते. नुसत्या फसवणुकीच्या कलमावर राहिलात तर आरोपीला जामीन मिळेल आणि तुमच्या हाती तारखाच राहतील. अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. माझे पहिले दोन अर्ज 'मिळालेच नाहीत'. रिझर्व्ह बँकेच्या सचेत संकेतस्थळावरही तक्रार टाका, स्क्रीनशॉट ठेवा. व्हॉट्सॲपवरचं काही पुसू नका, रागाच्या भरातसुद्धा नाही. शालकाने सगळं पुसलं, आता त्याच्याकडे बँकेची एक नोंद सोडली तर काही नाही.

तो पोरगा जामिनावर आहे. बाजारात समोर आला तर मान खाली घालत नाही. म्हणतो, "जिभाऊ, मीसुद्धा फसलो." त्याला गाडीमागे ५,००० कमिशन मिळत होतं, हे त्यानेच जबाबात लिहून दिलंय.

शालकाला मी महिन्याला ५,००० देतो. त्याने मागितले नाहीत. पहिल्यांदा द्यायला गेलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दाजी, तुम्ही लिध्यात म्हनीसन मी लिध्यात." तुम्ही घेतल्या म्हणून मी घेतल्या. २०२५ च्या आखाजीला घरच्या माहेरी गेल्या नाहीत. झोका बांधला नाही, सांजोऱ्या केल्या नाहीत. मी काही बोललो नाही.

पारोळ्याच्या माणसाने स्कूटर घेतल्या नाहीत. पण त्या पत्रकावरची पुढची सभा झालीच असणार. तुमच्यापैकी कोणाकडे 'फ्लीट पार्टनर' असं लिहिलेला, मार्च ते जून २०२४ मधला करार असेल, तर त्याच्या दोन झेरॉक्स, बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणि गाडीच्या प्रमाणपत्राचा फोटो घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जबाब द्या. प्रमाणपत्रावरचा नंबर आधी तपासून न्या. आमच्या सात जणांचा आणि तुमचा नंबर एकच निघाला, तर तेही जबाबात लिहून घ्यायला लावा.