रात्री अकराची नळी: लाळेतून कॉर्टिसॉल तपासण्याचे आठ महिने

माझा चेहरा फुगून गोल व्हायचा, बीपी चढायचं आणि महिन्याभरात सगळं ओसरायचं. पुन्हा तेच. डॉक्टरांना कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन गरजेपेक्षा जास्त राहण्याच्या आजाराची शंका आली, त्यातही येऊन-जाऊन डोकं वर काढणाऱ्या प्रकाराची. अशा वेळी सकाळच्या एका रक्ततपासणीवर काही ठरत नाही, कारण सकाळी कॉर्टिसॉल सगळ्यांचंच जास्त असतं. निरोगी माणसाचं ते मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं, कुशिंगमध्ये जात नाही. म्हणून गाठायची ती रात्रच. पण मध्यरात्री रक्त द्यायचं तर दवाखान्यात मुक्काम करावा लागतो, आणि सुईच्या धसक्यानेही कॉर्टिसॉल वाढू शकतं. लाळ मात्र आपल्याच पलंगावर बसून देता येते.

आठ महिन्यांत मी अकरा नमुने दिले. निळ्या झाकणाची नळी, तिच्यात आणखी एक छोटी नळी आणि त्यात लाळ शोषून घेणारी, बोटाच्या पेराएवढी गुंडाळी. ती हात न लावता थेट तोंडात सोडायची, दोन मिनिटं हलकेच चघळायची आणि तशीच परत नळीत. पहिल्यांदा तोंड इतकं कोरडं पडलं की गुंडाळी जेमतेम ओली झाली. मग लिंबाची फोड नुसती डोळ्यांसमोर आणायला शिकले. लिंबू खरंच चोखायचं नाही, आंबटाने नमुना बिघडतो. आधी अर्धा तास खाणं-पिणं बंद. दात घासायचे ते नमुना दिल्यानंतर, कारण हिरडीतून रक्ताचा थेंब मिसळला तरी आकडा फुगतो. खाजेचं स्टेरॉइड मलम लावत असाल तर जास्तच जपा, बोटाला राहिलेलं मलमही नमुन्यात उतरतं. नळी रात्रभर फ्रीजमध्ये विरजणाच्या भांड्याशेजारी ठेवायची, सकाळी लॅबचा माणूस घेऊन जायचा.

चौथा नमुना खूपच जास्त आला. मी घाबरले, रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोकल्यासाठी काही घेत होतात का?" घेत होते. सासूबाईंनी दिलेली ज्येष्ठमधाची काडी आठवडाभर दाढेखाली होती. लाळग्रंथीतलं एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोनमध्ये, म्हणजे त्याच्या निष्क्रिय रूपात रूपांतर करतं. ज्येष्ठमध नेमकं त्यालाच अडवतं, म्हणून लाळेतलं कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं. काडी बंद करून काही आठवड्यांनी दिलेला नमुना व्यवस्थित आला. लॅबच्या सूचनापत्रात ज्येष्ठमधाचा उल्लेखच नव्हता, याचा मला आजही राग आहे. आपल्याकडे ते घराघरात असतं, काढ्यात असतं, घशाच्या गोळ्यांतही असतं.

माझ्या मते ही तपासणी उत्तम आहे, पण एका ठराविक प्रश्नापुरती. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं, लाळेत उतरतं ते मोकळं. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ती प्रथिनं वाढतात आणि रक्तातला आकडा फुगतो, लाळेतल्या आकड्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पण रात्रपाळी करणाऱ्यांना ही तपासणी नीट लागू पडत नाही, त्यांच्या शरीराची रात्र वेगळ्याच वेळी होते. एकाच नमुन्यावर निदान करायचं नसतं, कमीत कमी दोन रात्री तरी हव्यात. लॅबही बदलू नका, प्रत्येकीची पद्धत आणि मर्यादा वेगळी असते.

मधल्या काळात एका लॅबने "सगळे स्त्री-हार्मोन लाळेतून" असं महागडं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनचं क्रीम लावणाऱ्या बाईच्या लाळेत आकडा प्रचंड येतो आणि रक्ताशी त्याचा मेळ बसत नाही. त्यावर औषधाचा डोस ठरवणं धोक्याचं आहे. मैत्रिणींनो, यावर पैसे घालू नका.

ज्येष्ठमधाचा नमुना सोडला तर माझे तीन नमुने जास्त आले. तिन्ही वेळा माझ्या वहीत चेहऱ्याची सूज आणि वाढलेलं बीपी लिहिलेलं होतं. तारखा शेजारी-शेजारी मांडल्यावर डॉक्टर बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी रक्तातलं एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं हार्मोन) आणि ते तयार करणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय लिहून दिला. एमआरआय पुढच्या मंगळवारी आहे. दोन नळ्या अजून कपाटात आहेत, चेहरा पुन्हा फुगला की त्याच रात्री वापरायच्या.