ठेकेदाराची माणसे की आपल्या पटावरची? गोव्यातल्या कचरा-वर्गीकरण शेडसाठी तुलना

पंचायतीची शेड असो, हॉटेल असो की मोठी सोसायटी, कचरा वेगळा करायला माणसे दोनच तऱ्हांनी मिळतात: ठेकेदाराकडून घ्यायची किंवा थेट आपल्या पटावर ठेवायची. बहुतेक ठिकाणी दरपत्रक बघून निर्णय होतो आणि चवथीला गावी गेलेल्यांपैकी निम्मे परत येत नाहीत. म्हणून दराइतकेच, माणूस कुठे टिकतो हेही तपासायला हवे.

खर्च

समजा पगार १५,००० रुपये. पीएफचा मालकाचा वाटा, विमा आणि प्रशासकीय शुल्क धरून १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजना) ३.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४८८. थेट नेमणुकीत बेरीज १७,४३८ वर थांबते. ठेकेदाराने त्यावर १० टक्के सेवाशुल्क लावले की १९,१८२ होतात आणि १८ टक्के जीएसटी धरून आकडा २२,६०० च्या पुढे जातो. हॉटेलला त्या कराचे क्रेडिट मिळू शकते. सोसायटीला बहुधा तो स्वतःच सोसावा लागतो.

इतके पाहून थेट नेमणूक स्वस्त म्हणून निवडू नका. पीएफ २० कामगारांपासून आणि ईएसआय १० पासून लागू होतो. आठ जणांची स्वतंत्र शेड दोन्हींतून सुटते, आणि पायात काच घुसून माणूस महिनाभर घरी बसला तर त्याला ईएसआयचा भत्ता मिळत नाही. वीसपेक्षा जास्त माणसे असलेल्या ठेकेदाराला मात्र हे हप्ते भरावेच लागतात. त्यामुळे छोट्या शेडसाठी या बाबतीत ठेकेदार सरस ठरतो. थेटच ठेवायचे असेल तर पीएफची स्वेच्छा नोंदणी करता येते, ती कराच.

माणूस सुटतो कुठे

सर्वात मोठी गळती ठेका बदलताना होते. नवा ठेकेदार घाईत नवा ईएसआय क्रमांक काढतो आणि आधीचा भरणा जुन्या क्रमांकावर अडकतो. आजारपणाचा भत्ता (पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत) मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. ती तुटलेली दिसली की भत्ता मागायला गेलेल्या माणसाला ऐनवेळी नकार ऐकावा लागतो. शेडमध्ये ही बातमी एका दिवसात पसरते. थेट नेमणुकीत हा प्रश्नच येत नाही.

दुसरे कारण पगाराची तारीख. ठेकेदार बिल मंजूर होण्याची वाट बघतो, बिल सभेची वाट बघते आणि माणूस वाण्याच्या उधारीवर जगतो. बाहेरगावाहून आलेल्याला खोलीचे भाडे वेळेवरच द्यावे लागते. त्यात ऑक्टोबरपासून बागा-कळंगुटच्या हॉटेलांत हंगामी कामे निघतात. पगार लांबला असेल तर तो तिकडे जातो, पाचशे रुपये वाढवून थांबत नाही.

तिसरे कारण हातमोजे. किनारपट्टीच्या सुक्या कचऱ्यात फुटक्या बिअरच्या बाटल्या असतात. साध्या रबरी मोज्याच्या बोटांची टोके आधी फाटतात, मग माणूस मोजे काढूनच काम करतो. वर्गीकरणाला नायट्राइलचा थर असलेला, काच-रोधक विणीचा मोजा लागतो. ओल्या कचऱ्याला कोपरापर्यंतचा रबरी. २०१६ च्या घनकचरा नियमांत गणवेश, चमकते जॅकेट, मोजे, रेनकोट, पादत्राणे आणि मास्क नोंदवले होते. ठेकेदार हे वर्षातून एकदा वाटतो आणि फाटल्यावर बदलून देत नाही. बदलीचा साठा शेडमध्येच ठेवणे थेट पद्धतीत सोपे. हेपटायटिस बी लशीच्या तीन मात्रा (सुरुवातीला, एका महिन्याने, सहा महिन्यांनी) पूर्ण होईपर्यंत माणूस आपल्याकडेच असेल का, हाही एक साधा निकष धरा.

कोणाला काय

वर्षभराच्या शेडला मिश्र पद्धत बरी, असे आमचे ठाम मत आहे. मिनी टिपरचा चालक, बेलिंग मशीन (सुका कचरा दाबून गठ्ठे बांधणारे यंत्र) चालवणारा आणि वर्गीकरणातले दोन-तीन जुने हात थेट पटावर घ्या. नव्या चालकाकडून घरे राहतात आणि तक्रारी सुरू होतात. नवख्याने सैल बांधलेला गठ्ठा ट्रकवर चढवतानाच उसवतो. डिसेंबरची गर्दी किंवा शिगम्याचा आठवडा एवढ्यापुरती जादा माणसे ठेकेदाराकडून घ्यावीत. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांसाठी गमबूट द्या आणि लेप्टोच्या (उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा. माणूस कोणत्याही पटावरचा असला तरी.

पूर्ण ठेकाच द्यायचा असेल तर करारात चार गोष्टी लिहा: बिल मंजूर असो वा नसो पगार ७ तारखेपर्यंत बँक खात्यात, पीएफ-ईएसआयची चलने नावनिशीवार यादीसह दरमहा तुमच्याकडे, जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आणि जुना ईएसआय क्रमांकच चालू ठेवायचा, आणि ठेका बदलला तरी आधीच्या माणसांना पहिली संधी. दुसऱ्या मुद्द्यावर जो ठेकेदार चाचरतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी बाजूला ठेवा. त्याने हप्ते थकवले तर वसुली तुमच्यावरच येऊ शकते.