ब्रिटिश म्युझियममधील इजिप्तची मृत्यूविषयक दालने

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वरच्या मजल्यावरची ६२ आणि ६३ क्रमांकांची दालने प्राचीन इजिप्शियनांच्या मृत्यू व मरणोत्तर जीवनाविषयीच्या समजुतींना वाहिलेली आहेत. ममी पाहण्याच्या ओढीने बहुतेक जण थेट तेथेच शिरतात. सुरुवात मात्र शेजारच्या ६४ क्रमांकाच्या दालनापासून करावी. तेथे इजिप्तमधील जेबेलेन या ठिकाणच्या वाळूत गुडघे पोटाशी घेऊन पुरलेला, पाच हजार वर्षांहून जुना एक तरुण आहे. त्याच्या देहावर कोणतेही संस्कार झालेले नसून केवळ तापलेल्या कोरड्या वाळूमुळे त्याची त्वचा व केस टिकले आहेत. (२०१२ साली सीटी स्कॅनमध्ये त्याच्या पाठीत भोसकल्याची जखम आढळली.) देह जपण्याची कल्पना अशाच दफनांवरून सुचली असावी, असे अनेक अभ्यासकांनी सुचवले आहे. हे आधी पाहिले की पुढच्या रंगीत शवपेट्या नुसत्या शोभेच्या वाटत नाहीत.

६२-६३ मधील खरे बळ बारीकसारीक वस्तूंत आहे. ममी करताना यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी काढून घेत. हृदय मात्र शरीरातच ठेवत, कारण मृतांचा देव ओसायरिस याच्या दरबारात ते सत्याची देवी मात हिच्या पिसाशी तोलले जाणार असे आणि लेखनाचा देव थोथ त्याची नोंद करणार असे. चित्रगुप्ताची वही ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. गंमत पुढेच आहे: हृदयाने ऐनवेळी धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी कोरलेला दगडी भुंगा ममीच्या छातीवर ठेवत, आणि परलोकातील शेतीची कामे टाळण्यासाठी शाब्ती नावाच्या बाहुल्या सोबत देत. न्यायावर इतकी श्रद्धा आणि त्यातून सुटण्याची इतकी चोख तयारी एकाच कपाटात पाहायला मिळते, हे मला या दालनांचे सर्वांत मोठे यश वाटते.

उणीव एवढीच की, ज्यांना हा खर्च परवडत नव्हता अशा बहुसंख्य लोकांचे मरण येथे फारसे दिसत नाही, आणि मागे उरलेल्यांच्या शोकाविषयीही फलक त्रोटकच बोलतात. शिवाय दुपारच्या गर्दीत मृतदेहांभोवती फोटो काढणाऱ्यांची रेटारेटी असते, ती खटकते. प्रवेश विनामूल्य आहे. शुक्रवारी संग्रहालय रात्री साडेआठपर्यंत उघडे असल्याने त्या संध्याकाळी जाणे सोयीचे ठरते. वेळ उरल्यास ६१ क्रमांकाच्या दालनातील नेबामुन या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातील भित्तिचित्रे चुकवू नयेत.